काकूची गाणी, प्रवेश बंद

जावक क्र. १ (गोपनीय)
खडकी, पुणे
२९ डिसेंबर २०२५

चि. मैत्रीस, जयभीम आणि आशीर्वाद.

फोन सोडून काकांनी पत्र का लिहिलं, असं तू म्हणशील. एक तर फोन कानाला लावला की माझं कानातलं मशीन शिट्टी मारतं आणि पलीकडचं काही कळत नाही. दुसरं म्हणजे फोन तुझी काकू उचलते, व्हॉट्सॲपही तिच्याच फोनमध्ये आहे, आणि हे प्रकरण तिच्यापर्यंत जाता कामा नये. म्हणून मी स्वतः चालत जाऊन हे पत्र पोस्टात टाकतो आहे.

आमच्याकडे राहून कॉलेज केलंस आणि जाताना तुझा कॉम्प्युटर आम्हाला ठेवून गेलीस, तो बिघडला आहे. मी काहीही केलेलं नाही. आपोआप बिघडला. एक फोल्डर उघडायला गेलं की इंग्रजीत मजकूर येतो. त्याचं मराठी करून, एकही शब्द न गाळता पाठवतो: "काकूची गाणी. या फोल्डरमध्ये जाण्याची आपल्याला सध्या परवानगी नाही." पुढे जा म्हटलं तर पासवर्ड मागतो, आणि तोही तुझा. तिथे तुझा फोटो येतो. त्यात तू हसते आहेस.

चौतीस वर्षं मी फॅक्टरीच्या मेन गेटवर पास सेक्शनला काढली. कोणाला परवानगी आहे आणि कोणाला नाही, हे मी सांगायचो. मोठमोठ्या साहेबांना मी पास विसरला म्हणून परत पाठवलं आहे. आता माझ्याच घरात, मीच पुसून ठेवलेला खोका मला बाहेर उभं करतो.

फोल्डरमध्ये माझे काही किरकोळ कागद आहेत. घाई अजिबात नाही. २५ जानेवारीच्या आत झालं म्हणजे झालं.

तुझा,
भीमराव काका


धानोरा, जि. गडचिरोली
३ जानेवारी २०२६

ती. काकांना सप्रेम जयभीम.

तुमचं पत्र आमच्या ऑफिसात पोचलं तेव्हा शिपायाने ते दोन्ही हातांनी आणून दिलं. पाकिटावर लाल शाईने 'गोपनीय' लिहिलेलं पत्र तालुका कृषी कार्यालयात याआधी कधी आलं नव्हतं. आता सगळ्यांना वाटतंय माझी चौकशी लागली आहे.

किरकोळ कागद म्हणे! काका, फोल्डरचं नाव तुम्हीच उतरवून पाठवलंत. तो फोल्डर मीच काकूला बनवून दिला होता, दोन वर्षांपूर्वी, दिवाळीच्या सुट्टीत. अडुसष्टाव्या वर्षी काकू मराठी टायपिंग शिकली ती त्याच फोल्डरसाठी. आणि २५ तारीख कसली आहे तेही मला माहीत आहे. त्या दिवसापर्यंत तिची बावीस गाणी प्रेसमध्ये द्यायची आहेत, म्हणजे सात फेब्रुवारीला रमाई जयंतीला पुस्तिका निघेल. गेल्या तीन फोनमध्ये काकू दुसरं काही बोललीच नाही. मधे एकदा एवढं म्हणाली, "कॉम्प्युटर तापतो म्हणून ह्यांनी त्यावर चादर घालून ठेवलीय, डॉक्टरने सांगितल्यासारखी विश्रांती चाललीय त्याची."

तेव्हा खरं सांगा. फोल्डर कधीच आपोआप असं म्हणत नाही. कोणीतरी त्याला तसं सांगावं लागतं. कोणी सांगितलं? मला सुट्टी फेब्रुवारीशिवाय नाही आणि इथली रेंज तर सकाळी डोंगरावर चरायला जाते ती संध्याकाळी येते, म्हणून जे काय केलंत ते नीट क्रमाने लिहा. रागावणार नाही. हसणार मात्र नक्की.

तुमची,
मैत्री


जावक क्र. २ (अति गोपनीय)
खडकी
८ जानेवारी २०२६

चि. मैत्रीस, जयभीम.

लिहितो. पण वाचून झालं की पत्र फाडून टाक.

साउंड सिस्टिमवाला संजय तुला आठवत असेल. ऑक्टोबरात धम्मचक्र प्रवर्तन दिनाला काकूच्या मंडळाची गाणी होती. चाल बसवायची म्हणून तो सगळी गाणी पेनड्राइव्हमध्ये घेऊन गेला. पुढच्याच आठवड्यात दुसऱ्या वस्तीतल्या कार्यक्रमात चौदा नंबरचं गाणं झालं, 'भोंगा झाला गेटावरती, डबा राहिला ओट्यावरती', आणि कवी म्हणून भलत्याच माणसाचं नाव पुकारलं. मला ऐकू आलं नाही. शेजारच्याने हातावर लिहून दाखवलं. ते गाणं माझ्या डब्यावरचं आहे, मैत्री. पंच्याऐंशी साली मी डबा विसरलो आणि ती तान्ह्या लेकराला कडेवर घेऊन गेटपर्यंत आली, पास नाही म्हणून मीच तिला आत सोडलं नाही, त्यावरचं.

काकू हसली. म्हणाली, "गाणं पोचलं ना? मग झालं." मला ते पटलं नाही. मी घरी येऊन त्या फोल्डरचे सगळे कप्पे शोधले. एका ठिकाणी 'सिक्युरिटी' असा शब्द दिसला आणि जिवाला बरं वाटलं. आत नावांची यादी, समोर चौकोन, एक परवानगीचा आणि एक मनाईचा. अगदी आपलं पास रजिस्टर. मी यादीत 'एव्हरीवन' हे नाव घातलं आणि मनाईच्या सगळ्या चौकोनांत खुणा केल्या. तेव्हा कॉम्प्युटरने विचारलं की मनाई ही परवानगीच्या वरचढ असते, चालेल ना? मी म्हटलं, चालेल काय, धावेल! गेटवर आमचाही हाच नियम होता. मनाईच्या यादीत नाव असलं की कोणाचीही चिठ्ठी चालत नाही.

तेव्हापासून कोणीच आत जाऊ शकत नाही. व्यवस्था चोख झाली, फक्त मीही बाहेर राहिलो.

आता याहून वाईट सांगतो. काकूची मूळ वही रद्दीत गेली. "कॉम्प्युटरमध्ये आहे ना सगळं, वही कशाला जागा अडवते," असं मीच म्हणालो होतो. संजयने पेनड्राइव्हमधली आपली गाणी केव्हाच पुसून त्यात दुसरी भरली. म्हणजे ती बावीस गाणी आता जगात एकाच ठिकाणी आहेत, आणि त्या ठिकाणाला मी कुलूप घातलं आहे. ती रोज विचारते, "अहो, तापलेलं उतरलं का?" मी मान हलवतो.

आणखी एक, हे कोणालाच बोललो नाही. पाच-सहा वर्षं झाली, गाणं मला ऐकू येत नाही. पेटी आणि ढोलकी सुरू झाली की कानात नुसता गोंगाट होतो. दुपारी ती आडवी झाली की मी कॉम्प्युटर लावून तिचं रोज एक गाणं वाचायचो. तिचं गाणं मला वाचूनच कळतं. बाविसावं झालं की पुन्हा पहिल्यापासून. आता दुपारी काय करावं तेच समजत नाही.

उपाय कळव. आणि पासवर्ड एका पत्रात पूर्ण लिहू नकोस. गेटच्या तिजोरीच्या दोन किल्ल्या दोन माणसांकडे असत. अर्धा पाकिटात, अर्धा वेगळ्या टपालाने. हा माझा आग्रह समज.

भीमराव काका


धानोरा
१२ जानेवारी २०२६

ती. काका,

हसणार म्हटलं होतं, ते पहिल्या पानावर हसले. दुसऱ्या पानावर नाही.

आधी रोग सांगते. 'एव्हरीवन' म्हणजे गेटबाहेरचे लोक नव्हेत. एव्हरीवन म्हणजे सगळे. संजय, काकू, मी, तुम्ही. तुम्ही गेटवर उभं राहून "कोणालाही आत सोडायचं नाही" असा हुकूम काढलात आणि स्वतःचाच पास जप्त केलात. गाणी कुठेही गेलेली नाहीत. एक अक्षर हललेलं नाही. दाराशी तुम्ही आहात, दाराआड ती आहेत, बस. आता रात्रीची झोप घ्या.

फोल्डर माझ्या खात्यातून बनला म्हणून कागदोपत्री त्याची मालक मी आहे. म्हणून माझ्या नावाने आत जायचं. कॉम्प्युटर सुरू झाला की माझ्या हसऱ्या फोटोवर टिचकी मारा, पासवर्ड द्या. फोल्डरवर उंदराचं उजवं बटण दाबा, अगदी खाली 'प्रॉपर्टीज', मग 'सिक्युरिटी', मग 'ॲडव्हान्स्ड'. यादीत जिथे 'डिनाय' आणि 'एव्हरीवन' एका ओळीत दिसतील ती ओळ निवडून 'रिमूव्ह' करा आणि ओके म्हणा. बाकी कशालाही हात लावू नका. सुरक्षेची आणखी कल्पना सुचली तर आधी एक फेरी मारून या.

त्याच पानावर वर 'ओनर' म्हणून माझं नाव दिसेल, शेजारी 'चेंज' असेल. त्याचं पुढे बघू. खरं तर तिथे माझं नाव असायचं कारण नाही.

पासवर्डचा पहिला अर्धा भाग इथे देते: मेथी. इंग्रजी अक्षरांत, पहिलं अक्षर मोठं. दुसरा अर्धा आजच पोस्टकार्डावर टाकते आहे. पोस्टकार्ड उघडं असतं हे मला कळतं, पण त्यावरच्या एकट्या शब्दाने कोणाला काय कळणार?

आणि काका, काकूला सांगून टाका. ती तुम्हाला खाणार नाही.

मैत्री


खडकी
१९ जानेवारी २०२६

चि. मैत्री, जयभीम गं पोरी.

तुझ्या काकांचा पत्रव्यवहार चालतो, तर माझंही एक पत्र जाऊ दे, स्पीड पोस्टाने. फोन केला असता पण हसू आवरलं नसतं.

शुक्रवारी पोस्टमन आला. हे विहारात गेले होते. पोस्टकार्ड होतं, त्यावर लिहिलेलं, "दुसरा भाग: भाकरी, इंग्रजीत, सगळी लहान अक्षरं, पुढे तुमच्या खोलीचा जुना नंबर." मी म्हटलं, ही पोरगी तिकडे जंगलात जाऊन उपाशी राहिली की काय. मग टेबलावरची वही उघडली. तुझे काका फार गुप्त माणूस आहेत, गुप्त पत्रांचीसुद्धा आवक-जावक नोंद ठेवतात. "आवक क्र. १, मैत्री, गोपनीय. आवक क्र. २, मैत्री, गोपनीय, फोल्डर दुरुस्तीबाबत." आणि पत्रं त्याच वहीच्या मागच्या पुठ्ठ्यात. दुसरंच तेवढं वाचलं, दुरुस्तीचं, कारण माझ्या फोल्डरचा विषय होता. पहिलं तसंच ठेवलं. पासवर्डचा पहिला अर्धा तर वाचायलाही नको होता. भाकरीबरोबर तुला मेथीशिवाय दुसरं काय लागायचं?

आज हे कानाच्या मशीनसाठी दवाखान्यात गेले आणि मी चादर काढली. तू लिहिलंस तसंच केलं, एकेक बोट ठेवून. एव्हरीवन काढला. आणि बाई, उघडलं! बावीसच्या बावीस. मी खुर्चीवर बसून चौदा नंबर मोठ्याने म्हटलं, घरात कोणी नव्हतं. मग डोळे पुसले आणि पेनड्राइव्हमध्ये सगळी घेतली, तशीच प्रेसमध्ये देऊन आले.

मग पुन्हा बसले आणि मनाईच्या यादीत एकच नाव घातलं. भीमराव. मी पण गेटमनची बायको आहे.

ह्यांना अजून सांगितलं नाही. पोस्टकार्ड तांदळाच्या डब्यात आहे. रोज पोस्टमनची वाट बघत खाली उभे राहतात. उभे राहू देत. पंचवीस तारखेपर्यंत आपल्या तोंडाने सांगतात का बघायचंय मला. चूक झाली त्याचं काही नाही गं. पण माझी वही रद्दीत घातली आणि तीन महिने 'तापलाय, तापलाय' करून मला झुलवलं, ते लागलं.

आणि एक मनातलं लिहिते. दोन वर्षं मी गाणी लिहितेय, ह्यांनी एकदाही 'छान झालं' म्हटलं नाही. कार्यक्रमाला पुढच्या रांगेत बसतात आणि कडव्याच्या मधेच टाळ्या वाजवतात. सगळ्या बाया हसतात. मला वाटतं, लवकर संपावं म्हणून वाजवतात. त्यांना माझ्या गाण्यांचं काही पडलेलं नाही, फक्त पहारा द्यायला आवडतो.

तुझी,
काकू


धानोरा
२१ जानेवारी २०२६

प्रिय काकू,

पत्र मिळालं, हसून पोट दुखलं. सही कर, मी तुला आमच्या खात्यात कॉम्प्युटर विभागात घेते.

आता एक गोष्ट मला सांगायला मनाई आहे, पण मी फाडून टाकायचं पत्र फाडलेलं नाही. त्याचं दुसरं पान यासोबत स्पीड पोस्टानेच पाठवते. "आणखी एक" पासून पुढे वाच. मग तांदळाचा डबा उघड किंवा उघडू नकोस, ते तुझं तू ठरव.

फोल्डरच्या मालकाच्या जागी माझं नाव आहे ते बदल. त्यासाठी आधी तुझं स्वतःचं खातं करावं लागेल. रोज सकाळी तो कॉम्प्युटर "वेलकम भीमराव" म्हणतो आणि तू त्याला "मी कांता" म्हणून सांगतेस, हे काकांनी मला मागेच सांगितलं होतं. रविवारी दुपारी बारा ते एक मी डोंगरावर जाऊन बसते, तिथे रेंज असते. फोन कर, सांगते कसं करायचं.

तुझी,
मैत्री


जावक क्र. ३ (गोपनीय नाही)
खडकी
२७ जानेवारी २०२६

चि. मैत्रीस, जयभीम.

तुझं पोस्टकार्ड आलंच नाही, असं मी रविवारपर्यंत समजत होतो. पंचवीस तारीख उजाडली, दुपारी काकू कोणाशी तरी तासभर फोनवर कॉम्प्युटरसमोर बसून बोलत होती, चादर काढलेली होती, आणि मला वाटलं ती प्रेसवाल्याला पुस्तिका निघणार नाही म्हणून सांगते आहे. माझा धीर सुटला. पण तोंडाने बोलायला जमेना.

म्हणून काल सकाळी सोसायटीत झेंडावंदन झाल्यावर घरी आलो, फुलस्केप घेतला आणि पद्धतशीर स्पष्टीकरण लिहिलं. "विषय: फोल्डर बंद केल्याबाबत व वही रद्दीत घातल्याबाबत. महोदया, खाली सही करणार याच्याकडून कसूर झाली आहे." सगळं लिहिलं. संजयचं, एव्हरीवनचं, चादरीचं. शेवटी लिहिलं की बावीसपैकी अकरा गाणी मला पाठ आहेत, बाकीची तिला आठवतील तशी सांगितली तर मी बसून उतरवून घेईन, आणि उशीर झाला तर प्रेसवाल्याच्या पाया मी पडेन. सही केली, तारीख घातली, आणि ती भाजी निवडत होती तिथे परातीशेजारी ठेवलं.

तिने दोनदा वाचलं. मग माझ्याकडे बघून तोंड हलवलं, मला ऐकू आलं नाही. तेव्हा तिने माझ्या खिशातलं पेन काढलं आणि समासात शेरा मारला: "कोणती अकरा?"

मी नंबर लिहून दिले. चौदावं पहिलं लिहिलं. तिने पदर डोळ्यांना लावला आणि मला हाताला धरून कॉम्प्युटरसमोर नेलं. तो आता "वेलकम कांता" म्हणतो. फोल्डरच्या मालकाच्या जागी तिचं नाव आहे. मनाईच्या यादीत माझं एकट्याचं होतं, तेही तिने मला दाखवलं, आणि खरं सांगतो, इतकी चोख व्यवस्था मला चौतीस वर्षांत जमली नाही. मग ते काढलं आणि माझ्या नावासमोर फक्त एका चौकोनात खूण केली. 'रीड.' लिहायची नाही, खोडायची नाही, परवानग्या बदलायची तर नाहीच नाही.

मला तेवढीच हवी होती.

दुपारी ती झोपली नाही. मी वाचत होतो आणि ती शेजारी बसून मी कुठे थांबतो ते बघत होती.

भीमराव काका


जावक क्र. ४
खडकी
८ फेब्रुवारी २०२६

चि. मैत्रीस, जयभीम.

पुस्तिका निघाली. तुझी प्रत सोबत आहे. पहिल्या पानावर 'रचना: कांताबाई' असं मोठ्या अक्षरात आहे, आणि गाणं कोणीही गावं पण नाव घेऊन गावं, असं खाली छापलं आहे. संजयने काल माइकवर तिचं नाव तीनदा घेतलं. पहिल्यांदा त्याने आपण होऊन घेतलं, पुढे दोनदा मी त्याच्याकडे बघितलं म्हणून घेतलं. शेवटच्या पानावर बघ, मंडळातल्या बायांची नावं संपली की खाली एक ओळ आहे: 'दारावर: भीमराव.' मला न विचारता छापली आहे. फोल्डर तिचा, तेव्हा मी काय बोलणार.

काल मी पुढच्या रांगेत बसलो. काकूने सांगितलं म्हणून कानातलं मशीन काढून खिशात ठेवलं आणि पुस्तिका मांडीवर उघडली. ती गाताना माझ्याकडे बघायची आणि पेटीवाल्याला थांबवून डाव्या हाताची बोटं वर करायची, एक कडवं झालं, दोन झाली. मी ओळीवर बोट ठेवून तिच्या तोंडाकडे बघत चाललो. चौदा नंबरला मी डबा घेऊन गेटाशी उभी असलेली ती बघितली, आणि आत न सोडणारा मीही बघितला.

शेवटची ओळ आम्ही दोघांनी बरोबर संपवली. सभागृहात पहिली टाळी मी वाजवली, आणि मैत्री, ती वेळेवर होती.

तुझा,
भीमराव काका